जुनी परवानगी म्हणजे अतिक्रमण नव्हे

नमस्कार दादा,

लातूरच्या जुन्या डाळ मिलची बाजू मांडणाऱ्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, "नियम बदलला की सगळ्यांनीच बदलायचं. जुनं म्हणून बेकायदा बांधकामाची बाजू घेऊ नका." तुमचा राग मला कळतो. नाल्यात भिंत घालून वडिलोपार्जित हक्क सांगणारे मीही पाहिलेत. पण ही मिल त्यातली नाही.

ती माझ्या काकांची. त्यांच्या कपाटात खताच्या पिशवीत मंजूर नकाशा आहे, घड्यांवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. कोपऱ्यात नगरपालिकेचा जांभळा शिक्का आणि 1984 ची तारीख. तेव्हा तिन्ही बाजूंना ज्वारी उभी असायची. प्लॉट नंतर पडले, रहिवासी विभाग त्याहून नंतर लागला. तेव्हा चाललेलं सामासिक अंतर, म्हणजे इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा, आज कमी पडतं. भिंत मात्र तसूभर सरकलेली नाही. मग गुन्हा कुणी केला? मागच्या पावसाळ्यात पत्रे उडाले, तेव्हा बँकेनं "आजच्या नियमात बसत नाही" एवढ्या एका ओळीवर कर्ज नाकारलं. काका दोन दिवस जेवले नाहीत. म्हणून तो लेख लिहिला.

नगररचनेचा 1966 चा कायदा विनापरवाना बांधकामाला शिक्षा सांगतो. परवानगी घेऊन, नकाशाप्रमाणे बांधलेली इमारत नियम बदलल्यामुळे आपोआप त्या रांगेत जात नाही. वापराचं मात्र वेगळं आहे, आणि इथे तुमचं म्हणणं निम्मं खरं आहे. शहराच्या विकास आराखड्याशी न जुळणारा वापर चालू ठेवायचा तर तशी मुभा लागते; मुदत घालून मुभा दिली असेल तर ती संपल्यावर वापर चालू ठेवणं हाही गुन्हा. शिवाय जुना शिक्का जुन्या बांधकामापुरताच. काकांना वर एक मजला चढवायचा होता, मीच अडवलं. नवं काम नव्या नियमानं, म्हणजे आता डिसेंबर 2020 च्या एकत्रित नियमावलीनं. ती मुंबई आणि काही मोजके अपवाद सोडून राज्यभर लागू आहे.

गुंठेवारीबद्दल, म्हणजे जमिनीचे गुंठ्यागुंठ्याचे तुकडे पाडून मंजुरीशिवाय विकलेल्या प्लॉटांबद्दल, तुम्ही चूक दाखवलीत ती मान्य. ती घरं आणि काकांची मिल मी लेखात एकाच दमात लिहून गेलो. संभाजीनगरच्या गुंठेवारी वसाहतींत बहुतेक घरांना मुळात परवानगीच नव्हती, त्यांच्यासाठी 2001 चा नियमितीकरणाचा कायदा आला आणि 2021 च्या दुरुस्तीनं 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. तिथे शुल्क भरून घर नियमित करून घ्यावं लागतं. काकांनी नियमित करून घ्यायचं ते काय? आणि घरपट्टीची पावती दाखवून "आमचंही कायदेशीर" म्हणणाऱ्यांनाही सांगतो, ती कराची पावती आहे, बांधकाम परवानगी नव्हे.

तुमच्या गावच्या विकास आराखड्याचा मसुदा निघाला तर हरकतीला ठरावीक मुदतच मिळते. काकांना ती जाहिरात कुणी दाखवलीच नाही. गुंठेवारीचा परिच्छेद आज रात्री लेखात वेगळा करतो.