गोंगाट कुणाच्या मालकीचा? ‘सॉकर डॅड’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सॉकर डॅड,

तुम्ही खरं नाव लिहिलेलं नाही, तेव्हा टोपणनावानेच हाक मारतो. तुमची प्रतिक्रिया शनिवारी रात्री वाचली आणि तिथल्या तिथे एक उत्तर खरडलं होतं. ते टाकलं नाही हे बरं झालं. आज जरा थंड डोक्याने लिहितोय.

ज्यांनी मूळ पोस्ट वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मी लिहिलं होतं की इंग्लंडमधली फुटबॉलची मैदानं आता लायब्ररी झाली आहेत, अमेरिकेतले प्रेक्षक प्लास्टिकचे आहेत, आणि सामना बघावा तर जर्मनीत, तोही उभ्याने. त्यावर तुमचं म्हणणं असं: हे ‘आमच्या वेळचा गणपती’ छापाचं रडगाणं आहे. त्या उभ्याच्या स्टँडांमध्ये गुंडगिरीपायी हेसेलला ३९ आणि हिल्सबरोला ९७ माणसं मेली, ते मी सोयीस्कर विसरलो. आणि तुम्ही तुमच्या नऊ वर्षांच्या मुलीला न्यू जर्सीत हॅरिसनच्या मैदानावर निर्धास्त घेऊन जाता. माझ्या ‘खऱ्या’ स्टँडमध्ये तिला नेता आलं असतं का?

शेवटचा प्रश्न बोचला. त्याच्याकडे येतो. आधी मधला मुद्दा, कारण तिथे तुम्ही साफ चुकलात, आणि ही चूक तशीच राहू देण्यासारखी नाही.

हेसेल आणि हिल्सबरो एका वाक्यात बसत नाहीत. २९ मे १९८५ ला ब्रसेल्सच्या हेसेल मैदानावर लिव्हरपूलचे काही प्रेक्षक इटलीच्या युव्हेंटस क्लबच्या लोकांवर चालून गेले, पळापळीत भिंत कोसळली. मैदान मोडकळीला आलेलं होतं हे खरं, पण ती गुंडगिरीच. इंग्लिश क्लबांना पाच वर्षं युरोपातून हाकललं, लिव्हरपूलला सहा.

हिल्सबरो वेगळं. १५ एप्रिल १९८९, शेफील्डचं हिल्सबरो मैदान, एफए कपची उपांत्य फेरी. लेपिंग्ज लेनच्या बाजूला टर्नस्टाइलपुढे (एकेकाला आत सोडणाऱ्या फिरत्या फाटकांपुढे) गर्दी तुंबली म्हणून पोलिसांनी बाहेर पडायचं मोठं फाटक आत यायला उघडलं. लोंढा समोरच्या बोगद्यातून सरळ मधल्या दोन कोंडवाड्यांत गेला. कोंडवाडेच म्हणायचे, कारण पुढे आणि दोन्ही बाजूंना लोखंडी जाळी होती. ते दोन आधीच ठेचून भरलेले, बाजूच्या भागांत अजून जागा. बोगद्याच्या तोंडाशी उभं राहून लोकांना बाजूला वळवायला कुणी नव्हतं. तीन वाजून सहा मिनिटांनी सामना थांबला. मग पोलिसांनी दारूड्या प्रेक्षकांवर खापर फोडलं आणि ‘द सन’ने ते पहिल्या पानावर छापलं, लिव्हरपूलमध्ये आजही कित्येक लोक त्या पेपरला हात लावत नाहीत. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने दाखवून दिलं की पोलिसांचे १६४ जबाब फिरवले होते. २०१६ मध्ये ज्यूरीने निकाल दिला की ही माणसं बेकायदा मारली गेली, आणि प्रेक्षकांचा त्यात दोष नव्हता. सत्तावीस वर्षं त्या घरांनी ‘तुमचीच पोरं प्यायली होती’ हे ऐकलं. तुमच्या वाक्यात ते पुन्हा आलं. मुद्दाम नसेल, पण आलं.

आता गंमत बघा. या दुर्घटनेची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर यांनी जानेवारी १९९० च्या अंतिम अहवालात मोठ्या मैदानांवर सगळ्यांना खुर्च्या द्या असं सांगितलं, पण उभं राहणं मुळातच धोक्याचं आहे असं ते म्हणाले नव्हते. शिवाय खुर्च्या आल्या म्हणून तिकीट महागायचं कारण नाही, असंही त्यांनी लिहिलं. उदाहरण दिलं ते ग्लासगोच्या आयब्रॉक्सचं: उभ्याचे ४ पौंड, बसायचे ६. खुर्च्यांचा सल्ला क्लबांनी उचलला. सहा पौंडांचं पान कुणी उलटलंच नाही.

या उभ्याच्या स्टँडला इंग्लंडमध्ये टेरेस म्हणतात. आपली गच्ची नव्हे हो, गोलमागच्या उभ्याच्या पायऱ्या. लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानातल्या अशा पायऱ्यांना ‘कॉप’ म्हणतात, ते बोअर युद्धातल्या स्पिऑन कॉप टेकडीवरून. जानेवारी १९०० मध्ये त्या टेकडीवर लँकेशायरचे बरेच सैनिक पडले, आणि जखमींना स्ट्रेचरवरून वाहून नेणाऱ्या हिंदी पथकात मोहनदास गांधी होते. (विषयांतर आहे, पण मला हे कळलं तेव्हा दोन दिवस भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.) त्या कॉपवर लोक शेवटचे उभे राहिले ३० एप्रिल १९९४ ला. समोर नॉरिच, आणि लिव्हरपूल ०-१ हरलं.

आता तुमची मुलगी.

नाही. १९८५ च्या त्या स्टँडमध्ये तिला नेता आलं नसतं. मलाही जाता आलं नसतं. मूळ पोस्ट लिहिताना मी हे स्वतःला विचारलंच नव्हतं. १९८८ मध्ये एव्हर्टनच्या गुडिसन मैदानावर लिव्हरपूलच्या कृष्णवर्णीय जॉन बार्न्सच्या पायाशी केळं येऊन पडलं आणि त्याने ते टाचेने बाजूला सारलं, तो फोटो सगळ्यांनी पाहिलाय. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाकडून खेळणाऱ्या माणसाची ही गत, तर माझ्यासारख्या सावळ्या कोल्हापुरी माणसाला त्या गर्दीत काय मिळालं असतं? म्हणजे मी ज्या वातावरणासाठी हळहळत होतो, त्यात मला जागाच नव्हती. हा मुद्दा तुमचा, पूर्ण तुमचा.

पण ‘आमच्या वेळचा गणपती’ मला लागू नाही. मी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर वाढलोय. पाटाकडील आणि शिवाजी तरुण समोरासमोर आले की हलगी कशी कडाडते, आणि पेठापेठांतली ईर्ष्या वर आली की कोण कुणाच्या अंगावर कसं जातं, दोन्ही जवळून पाहिलंय. गर्दीबद्दल भाबडेपणा ठेवायची चैन कोल्हापूरकराला परवडत नाही.

मग जर्मनीत असं काय पाहिलं? बोखुममध्ये नोकरीला होतो तेव्हा डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडवर तीन-चारदा गेलो. तिथे एकट्या त्या स्टँडमध्ये चोवीस हजारांवर लोक उभे असतात, तिकीट वीस युरोच्या आसपास. माझ्या थोडं खाली कुंपणावर एक पोरगा भोंगा घेऊन बसायचा, मैदानाकडे पाठ करून. नव्वद मिनिटं पाठ! गोल झाला तर त्याला आमच्या तोंडांवरून कळायचं. निवेदक गोल मारणाऱ्याचं फक्त नाव म्हणतो, आडनाव सगळं मैदान ओरडतं. मग निवेदक धावसंख्या विचारल्यासारखी सांगतो, लोक आकडा पुरा करतात, तो म्हणतो ‘डांके’ (धन्यवाद), ऐंशी हजार लोक म्हणतात ‘बिटे’ (असू द्या). एवढ्यात मागून कुणाची तरी बिअर उडालेली असते आणि ती तुमच्या कॉलरमधून आत जाते. इंग्लंडमध्ये १९८५ च्या कायद्याने मैदान दिसेल अशा जागी दारू प्यायला बंदी आहे, म्हणून इंग्लिश पाहुणे हातातल्या ग्लासाकडे बघत राहतात, जणू आता कुणी येऊन हिसकावून घेईल.

मूळ पोस्टमध्ये मी इथेच थांबलो: आवाज मोठा, म्हणून जर्मनी भारी. हे पोरकट होतं. आवाजच मोजायचा तर अमेरिकन फुटबॉलवाल्यांनी २०१४ मध्ये कॅन्सस सिटीच्या ॲरोहेड मैदानात १४२.२ डेसिबल केलेत; विषय संपला.

तुमच्या प्रतिक्रियेनंतर डोक्यात आलं ते असं. मैदानातलं वातावरण हे प्रेक्षकांचं काम आहे, बिनपगारी. गाणी रचायची, झेंडे शिवायचे, ढोल गाडीत घालून आणायचे, घसा बसवून घ्यायचा, हे सगळं लोक करतात आणि क्लब ते टीव्हीला विकतो. सामना निःशब्द दाखवला तर कोण बघेल? करोनात रिकाम्या मैदानांवरच्या सामन्यांना प्रक्षेपणवाल्यांनी ध्वनिमुद्रित गर्दी चिकटवली, यातच उत्तर आलं. आता काम म्हटलं की संप आलाच.

आणि संप झालेत. २०१२ च्या शेवटी जर्मन लीगने सुरक्षेच्या नावाखाली प्रेक्षकांवर नवी बंधनं आणायचं ठरवलं. मतदान होतं १२ डिसेंबरला. त्याआधीच्या फेऱ्यांमध्ये देशभरच्या मैदानांवर लोक १२ मिनिटं १२ सेकंद गप्प राहिले. रेकॉर्डिंग ऐका: बूट चेंडूला लागल्याचा आवाज येतो, गोलकीपर ओरडतो ते शब्द कळतात. मग तेरावं मिनिट लागतं आणि मैदान फुटतं. ठराव तरीही मंजूर झाला. पण २०२४ च्या फेब्रुवारीत, लीगच्या प्रक्षेपण हक्कांत बाहेरचा गुंतवणूकदार आणायचा घाट घातला तेव्हा मैदानांवर टेनिसचे चेंडू पडायला लागले, रिमोटवर चालणाऱ्या गाड्या धूर सोडत फिरायला लागल्या, सामने खोळंबले, आणि लीगने बेत गुंडाळला. पाठीशी ५०+१ चा नियम आहे. क्लबात मतांची बहुसंख्या सभासदांकडेच राहिली पाहिजे, असा तो नियम.

मी ज्यांना लायब्ररी म्हणालो त्या इंग्रजांनीही हे केलंय. ६ फेब्रुवारी २०१६. लिव्हरपूलने नव्या स्टँडमध्ये ७७ पौंडांचं तिकीट जाहीर केलेलं. संडरलंडविरुद्ध ७७ व्या मिनिटाला हजारो लोक उठून चालते झाले. तेव्हा लिव्हरपूल २-० पुढे होतं. सामना सुटला २-२ वर. मालकांनी चार दिवसांत माफी मागून दरवाढ मागे घेतली.

आणि अमेरिका. इथे मला कान धरायला हवेत. पोर्टलंडमध्ये गोल झाला की एक माणूस यांत्रिक करवतीने ओंडक्याची चकती कापतो, याची मी पोस्टमध्ये टिंगल केली होती. लाकूडतोडीवर उभ्या राहिलेल्या गावाने ओंडका कापायचा नाही तर काय नारळ फोडायचा? त्याच पोर्टलंडमध्ये २३ ऑगस्ट २०१९ ला कट्टर वैरी सिॲटल आलेलं असताना दोन्हीकडचे प्रेक्षक मिळून पहिली ३३ मिनिटं गप्प बसले. कारण अमेरिकन लीगने ‘आयर्न फ्रंट’च्या तीन बाणांच्या झेंड्यावर बंदी घातली होती. ही हिटलरच्या विरोधात उभी राहिलेली जर्मन संघटना, १९३३ मध्ये नाझींनी चिरडली, म्हणून ३३. पुढच्याच महिन्यात बंदी उठली. कोलंबसच्या लोकांनी तर मालक क्लब उचलून ऑस्टिनला न्यायला निघाला होता, तो वर्षभर भांडून जागचा हलू दिला नाही. याला प्लास्टिक म्हणणाऱ्याला अक्कल कमी.

शिवाय हे सगळं ब्रिटिशांची नक्कल आहे, हा माझा समजही कच्चा. अमेरिकेत १९९६ ला लीग सुरू झाली तेव्हापासून वॉशिंग्टनमध्ये ढोल बडवणारे लोक दक्षिण अमेरिकेतून आलेले. लीगचे मालक तेव्हा घड्याळ उलटं चालवत होते आणि बरोबरी सुटावी म्हणून ३५ यार्डांवरून धावत येऊन गोल मारायला लावत होते. फुटबॉल काय असतो ते बाकांवरच्या स्थलांतरितांना जास्त कळत होतं.

तुमच्या हॅरिसनबद्दल एक बोलू? रागावू नका. तो क्लब २००६ मध्ये एनर्जी ड्रिंकवाल्या रेड बुलने घेऊन त्याला स्वतःचं नाव दिलं, आणि तुमच्या मुलीसाठी तो तिचा क्लब आहे, यात काही वावगं नाही. तीच कंपनी २००९ मध्ये लाइपझिगला गेली. तिथे क्लबाला कंपनीचं नाव देता येत नाही, म्हणून ‘रासेनबालश्पोर्ट’ असा शब्द घडवला, ज्याची आद्याक्षरं योगायोगाने तीच! मताचा हक्क असलेले सभासद बोटांवर मोजण्याइतके ठेवले. डॉर्टमुंडच्या काही प्रेक्षकगटांनी २०१६ मध्ये त्यांच्याकडे जायला नकार दिला. ड्रेस्डेनला २०१६ मध्ये कुणीतरी मैदानाकडे बैलाचं कापलेलं मुंडकं फेकलं. किळसवाणं होतंच ते. पण एकच कंपनी एकीकडे घर वाटते आणि दुसरीकडे दरोडेखोर, याचं कारण प्रेक्षकाच्या स्वभावात नाही. आधी त्याच्या हातात काय होतं आणि काय काढून घेतलं, त्यात आहे.

इटलीचा उल्लेख तुम्ही केला नाहीत, मीच करतो, नाहीतर पुढच्या वेळी कराल. सप्टेंबर २०२४ मध्ये मिलानच्या दोन्ही क्लबांच्या अल्ट्रा (कट्टर, संघटित प्रेक्षकांच्या) टोळ्यांतले १९ जण पकडले गेले. तिकिटांचा काळाबाजार, पार्किंगची खंडणी, वर माफियाशी संबंध, असे आरोप. प्रेक्षकांच्या हातात सत्ता म्हणजे कधीकधी हेही. मतपेटी नसलेली सत्ता भोंगेवाल्याच्या हातात गेली की तो दादा होतो. हे कोल्हापूरला सांगायला नको.

तर मूळ पोस्टमधलं ‘प्लास्टिकचे’ मी खोडलंय, खोडलेलं दिसेल असं. ‘लायब्ररी’ राहू दिलंय. इंग्लंडमधल्या एका मोठ्या क्लबाच्या मैदानावर चेंडू बारला लागला म्हणून मी उठलो, तर जॅकेटवाल्या माणसाने येऊन नम्रपणे खाली बसायला सांगितलं. शेजारच्याच्या गळ्यात दोन्ही क्लबांचे रंग निम्मे-निम्मे असलेला मफलर होता. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी तिकिटाला पडेल ती किंमत मोजणारा, स्थानिक माणसाची जागा अडवणारा पाहुणा मीही होतोच. मला गाणी येत नव्हती.

तुमची लेक गोलमागच्या ढोलांकडे बघत राहते असं तुम्ही लिहिलंय. एकदा तिला गोलमागच्या त्या ‘साउथ वॉर्ड’ स्टँडमध्ये घेऊन जा. समोरचे लोक बसणार नाहीत, तिला काही दिसणार नाही, म्हणजे खांद्यावर घ्यावं लागेल. नऊ वर्षांचं पोर, नव्वद मिनिटं. घरी आयोडेक्स असू द्या.