‘१५०० सीसीच्या खालची गाडी घाटात बसते’ असं म्हणणाऱ्यांना

घरात गाडी घ्यायचं ठरलं की व्हॉट्सॲपवर हा मेसेज येतोच: ‘फॅमिली कारला कमीत कमी १५०० सीसी आणि १०० बीएचपी पाहिजेच, नाहीतर पाच माणसं बसली की घाटात गाडी बसते, आणि तीन सिलेंडर तर घेऊच नका.’ यावर विश्वास ठेवून लोक ऐपतीबाहेरचं कर्ज काढतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी सीसी, म्हणजे इंजिनच्या सिलेंडरांचं एकूण आकारमान; बीएचपी म्हणजे इंजिनची जास्तीत जास्त ताकद. नुसत्या सीसीवरून ताकद कळत नाही. नवी स्विफ्ट आणि नेक्सॉन पेट्रोल, दोन्ही १२०० सीसीच्या आतल्या, दोन्ही तीन सिलेंडर, पण स्विफ्टला ८० च्या आसपास बीएचपी आणि ११२ एनएम टॉर्क (म्हणजे फिरवण्याचा जोर), तर नेक्सॉनला टर्बोमुळे (इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र) ११८ बीएचपी आणि १७० एनएम, तोही १७५० आरपीएमपासूनच (आरपीएम म्हणजे इंजिनचे मिनिटाला फेरे). एवढ्या गाड्या ११९७ नाहीतर ११९९ सीसीच्या असतात त्याचं कारण टॅक्स आहे, लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तर सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी, नाहीतर ४०. आणि तीन सिलेंडरला व्हायब्रेशन थोडं जास्त असतं, बास, ताकदीचा त्याच्याशी संबंध नाही.

आता घाट. माणसं-सामान धरून दीड टनाची गाडी, ८ टक्के म्हणजे चांगलाच चढ, स्पीड ताशी ४०. हिशोब केला तर चाकांवर २०-२२ बीएचपी लागते, फक्त एवढीच! मग ८० बीएचपीची गाडी खंबाटकीला मरते कशी? कारण वळणावर स्पीड २५ वर आला तरी आपण तिसऱ्यातच असतो, इंजिन बाराशे-तेराशे आरपीएमवर कण्हत असतं, आणि ती ८० बीएचपी असते साडेपाच हजाराच्या पुढे. दुसरा टाका आणि ३००० च्या वर फिरू द्या, इंजिनचा आवाज वाढला म्हणून ते खराब होत नाही, पण मायलेजच्या भीतीने कोणी खालचा गिअर टाकतच नाही. जुनी डिझेल डिझायर ७४ बीएचपीचीच होती, तरी टॅक्सीवाल्यांनी ती भरभरून घाटातून पळवली कारण २००० आरपीएमलाच १९० एनएम मिळायचा.

म्हणजे १०० बीएचपीची अटही बरोबर नाही. बीएचपीला भरलेल्या गाडीच्या वजनाने भागा. स्विफ्ट पाच माणसांसकट साधारण सव्वा टन, म्हणजे टनामागे ६० च्या वर, माझ्या मते घरच्या वापराला भरपूर. ट्रायबरचं १ लिटरचं ७१ बीएचपीचं इंजिन, सात माणसं आणि बॅगा धरून १.४ टन, म्हणजे टनामागे ५० च्या आसपास. इथे मेसेजवाल्यांचं थोडं खरंय, घाट ती चढेल पण दुपदरी रस्त्यावर ट्रकला ओव्हरटेक करायला लांब मोकळा रस्ता बघावा लागेल. त्यात महाबळेश्वरसारख्या १३५० मीटर उंचीवर हवा विरळ, टर्बो नसलेल्या इंजिनची दहा-बारा टक्के ताकद तिथे अशीच जाते.

शोरूमवाल्यासोबत एकट्याने कॉलनीत चक्कर मारून यातलं काहीच समजणार नाही. घरची सगळी माणसं बसवा, एसी फुल करा, चढाच्या फ्लायओव्हरवर दुसऱ्या गिअरमध्ये उचल बघा, मग मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्यात ४० वरून ८० ला न्या. एवढं करू देत नसतील तर दुसऱ्या शोरूमला जा.