होरस-सेत म्हणजे इजिप्तचे यिन-यांग? मूळ चित्रे तसे सांगत नाहीत

“प्राचीन इजिप्तच्या कलेचे सार म्हणजे चांगल्या-वाईटाचा समतोल. होरस प्रकाश, सेत अंधार. आणि मेलेल्याचे हृदय पिसापेक्षा हलके भरले की स्वर्ग.” तराजूच्या चित्रासह हा मजकूर सगळीकडे फिरतो आहे. म्हणजे होरस आणि सेत हे दोन इजिप्शियन देव जणू चिनी यिन-यांग, एकमेकांना तोलून धरणाऱ्या दोन विरुद्ध शक्ती. वाचायला तो गोड आहे, पण मूळ चित्रांसमोर टिकत नाही.

‘होरस आणि सेत म्हणजे प्रकाश आणि अंधार’

इजिप्तमधल्या लिश्त इथे राजा पहिल्या सेनुस्रेतचे पुतळे (इ.स.पू. 20वे शतक) सापडले. त्यांतल्या काहींच्या सिंहासनावर, बाजूला, होरस आणि सेत समोरासमोर कोरलेले आहेत. मध्ये फुफ्फुसे आणि श्वासनलिकेचे चिन्ह आहे. दोघेही त्याला पाय रोवून देठांची गाठ आवळताहेत: होरसकडे उत्तरेची पपायरस ही वनस्पती, सेतकडे दक्षिणेची वनस्पती. चिन्हाच्या वर राजाचे नाव. उत्तर आणि दक्षिण इजिप्त एका राजाखाली बांधले गेले, एवढेच हे शिल्प सांगते. यात कोणी वाईट नाही. अबू सिम्बेलच्या लहान मंदिरात तर हेच दोघे मिळून राजा दुसऱ्या रामसेसला मुकुट घालतात.

अंधाराचे म्हणाल, तर सूर्यदेव रा याच्या नावेकडे पाहा. तिच्या पुढच्या टोकाला उभा राहून अपेप या सर्पाला भाला खुपसणारा सेतच आहे. हेरुबेन या स्त्रीच्या पपायरसवर, म्हणजे त्या वनस्पतीपासून केलेल्या चित्रित गुंडाळीवर (21वे राजघराणे), हे स्पष्ट दिसते. सूर्याचा रक्षक अंधाराचे प्रतीक कसा ठरेल? सेती हे राजाचे नावही याच देवावरून आले.

सेतला खलनायक ठरवणारी शिल्पे आहेत, नाही असे नाही. इ.स.पू. 237 मध्ये बांधायला घेतलेल्या एडफूच्या मंदिरात तो पाणघोडा होतो आणि होरस त्याला भाल्याने भोसकतो. पण ही उत्तरकाळातली दृष्टी. तीच सेनुस्रेतच्या सिंहासनावर लादली की जवळजवळ 1,700 वर्षांचा फरक पुसला जातो. म्हणून आधी शिल्पाचा काळ पाहावा, अर्थ मग लावावा.

‘हृदय पिसापेक्षा हलके’

आनी आणि हुनेफेर या दोन मृतांसाठी केलेले पपायरस (इ.स.पू. 13वे शतक, ब्रिटिश म्युझियम) उघडून बघा. एका पारड्यात हृदय, दुसऱ्यात पीस आणि दांडी आडवी, सरळ. अनुबिस हा देव खाली बसून ओळंबा तपासतो, थोथ हा देव निकाल लिहितो. हृदय वर गेलेले नाही, ते पिसाशी जुळले आहे. न जुळल्यास गिळायला मगरीच्या तोंडाची राक्षसी अम्मित शेजारी टपलेली आहे.

शिवाय हृदय इथे नुसते वजन नाही, साक्षीदार आहे. म्हणून तर ममीवर ठेवायच्या भुंग्याच्या आकाराच्या ताईतावर विनवणी कोरत: माझ्या हृदया, तराजूच्या रखवालदारासमोर माझ्याविरुद्ध उभे राहू नकोस.

‘चांगल्या-वाईटाचा समतोल’

सगळ्यांत मोठी चूक इथे आहे. पीस माआत या देवीचे, म्हणजे सत्याचे आणि सुव्यवस्थेचे. तिच्या विरुद्ध असलेल्या इस्फेतला, अनागोंदीला, या तराजूत पारडेच नाही. मंदिरांच्या भिंतींवर राजा माआतची छोटी मूर्ती तळहातावर ठेवून देवाला अर्पण करतो. इस्फेतचा नायनाट करणे हे त्याचे कर्तव्य असते.

इजिप्तच्या कलेत जोड्या भरपूर आहेत, हे खरे. राणी नेफरतारीच्या कबरीत इसिस आणि नेफ्थिस या देवींच्या मध्ये मेंढ्याच्या डोक्याची ममी उभी आहे, आणि शेजारचा लेख म्हणतो की सूर्यदेव रा मृतांचा देव ओसिरिस याच्यात विसावला आहे, ओसिरिस रामध्ये. पण इथे दोन देव एकरूप झाले आहेत, आणि दोघेही पूज्य आहेत. पापाला असे स्थान कुठेच नाही. न्यायाच्या दालनात मृत माणूस 42 देवांना एकेक करून सांगतो: मी चोरी केली नाही, मी खून केला नाही, मी खोटे बोललो नाही. थोडे चांगले, थोडे वाईट अशी सूट तो मागत नाही.