तिकिटावरचे आठ

पुण्यात इंडी बँड, म्हणजे स्वतःची गाणी स्वतःच्या जिवावर करणारी पोरं, ऐकायला जाणाऱ्याला गाण्यातलं फारसं कळलं नाही तरी चालतं, पण त्याची बेरीज-वजाबाकी पक्की हवी. तिकिटावर 'रात्री ८' छापलेलं असतं. हे आठ म्हणजे दार उघडायची वेळ, गाणं सुरू व्हायची नव्हे. दारही साडेआठला उघडतं, कारण आत साउंडचेक, म्हणजे वाद्यांचे आवाज जुळवणं, संपलेला नसतो. साउंडचेक संपलेला नसतो, कारण ड्रमर हिंजवडीत नोकरीला असतो. आणि शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीहून निघून सहाच्या ठोक्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला मुंढव्यात पोचणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

आता गणित मांडा. तीन बँड, प्रत्येकी ४० मिनिटं, मधे दोनदा २०-२० मिनिटं सामानाची अदलाबदल. झाली १६० मिनिटं. कार्यक्रम खरा सुरू होतो पावणेनऊला. जागा उघड्यावरची असेल तर दहाला आवाज बंद, म्हणजे हातात ७५ मिनिटं. तुटीची ८५ मिनिटं कुणाच्या खात्यातून वळती होतात? ज्याच्यासाठी तुम्ही तिकीट काढलंय त्या बँडच्या. पहिला बँड नवखा असतो, त्याचे आईवडील, मावशी आणि दोन चुलतभाऊ समोर उभे असतात. त्याला कोण आवरतं घ्यायला सांगणार?

दहाचा नियम मात्र खरा आहे, कुणाच्या मर्जीचा मामला नाही. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, आणि त्यातले बरेचसे गणपती-नवरात्रात खर्ची पडतात. रात्रभर रंगणारा सवाई गंधर्व महोत्सव याच नियमाने दहाला आवरता झाला, तिथे चार पोरांच्या पोस्ट-रॉकला कोण विचारतो? चार भिंती आणि डोक्यावर छत असलेल्या जागांना सवलत आहे. म्हणून तिकीट काढण्याआधी जागेचे फोटो पाहावेत आणि फोटोत छत शोधावं. छत असेल तर रात्रीचं जेवण आधी उरकून जायचं, नसेल तर येऊन जेवता येतं.

तिकिटाची किंमत बहुतेक वेळा ४९९ असते. यात आयोजकाची कलादृष्टी नाही, जीएसटी आहे. ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर तो लागत नाही, वर एक रुपया गेला की १८ टक्के. तिकीट विकणारं ॲप वर स्वतःची फी लावतं आणि त्या फीवर जीएसटी लावतं, त्यामुळे करमुक्त तिकिटावर कर भरल्याचं समाधान मिळतंच. दुसरा प्रकार 'कव्हर'चा. दारात हजार रुपये द्यायचे, ते खाण्यापिण्यात वळते होतात. मेन्यूची आखणी अशी असते की शेवटी ४० रुपये उरतात, ४० रुपयांत काहीही येत नाही आणि ते परतही मिळत नाहीत.

फुकट जायचा मार्ग म्हणजे पाहुण्यांची यादी. बँडमधल्या कुणाची तरी ओळख काढायची आणि नाव 'प्लस वन'सकट घालून घ्यायचं. पण कार्यक्रमाचा करार दाराच्या पैशातल्या वाट्यावर असेल, आणि छोट्या जागांत तो बरेचदा तसाच असतो, तर यादीतलं प्रत्येक नाव बँडच्याच खिशातून जातं. बँडला 'सपोर्ट' करायला यादीतून आत येणारे लोक मला फार धीराचे वाटतात.

दारावर वयाचा दाखला लागतो. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात, म्हणून बऱ्याच जागा २१च्या आतल्यांना दारातूनच परत पाठवतात. आता बँडचा कीबोर्डवाला एकोणीसचा निघाला तर तो वाजवायला आला आहे, ऐकायला नव्हे, हे बाउन्सरला पटवावं लागतं. पाण्याची बाटली, अत्तर आणि छत्री बाहेर ठेवायची. पावसाळ्यात उघड्यावरच्या कार्यक्रमाला छत्री बाहेर ठेवल्यावर काय होतं ते सांगायला नको. सर आली की पहिलं प्लास्टिक साउंडवाल्याच्या मिक्सरवर पडतं, दुसरं अँपवर, म्हणजे गिटारच्या स्पीकरपेटीवर, तिसरं ड्रमवर. श्रोत्यांपर्यंत प्लास्टिक पुरल्याचं ऐकिवात नाही.

आत गेल्यावर आपण ज्यात सापडतो तो म्हणजे लांबलेला साउंडचेक. क्रम ठरलेला: आधी ड्रमचे तुकडे, म्हणजे किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर, हाय-हॅट, टॉम, मग बेस, गिटार, कीबोर्ड आणि सगळ्यात शेवटी गळा. किकची 'धप्… धप्… धप्…' दहा मिनिटं चालते. ती अर्थातच रिकाम्या हॉलमध्ये जुळवलेली असते. माणसांचे कपडे आणि देह चढे सूर शोषून घेतात, त्यामुळे हॉल भरला की जुळवलेलं सगळं बिघडतं. हॉल भरला नाही तर जुळवणी टिकते, पण मग बँड उदास असतो.

स्टेज साधारण १० बाय १२ फुटांचं, म्हणजे १२० चौरस फूट. ड्रमला ६ बाय ६ जागा लागते. राहिल्या ८४ फुटांत चार माणसं, दोन अँप, वादकांकडे तोंड केलेले तीन मॉनिटर स्पीकर, गिटारवाल्याच्या पायापाशी इफेक्ट-पेडलची पाटी आणि एक स्टँडवरचा लॅपटॉप. यांत बेसवाला बसत नाही. तो खांबाशेजारी उभा राहतो आणि पुढची ४० मिनिटं त्याच्या बेसची फक्त मान दिसते.

आता मुख्य दुखणं. बँड मुलाखतीत सांगतो की आमचा भर शब्दांवर आहे, आणि कार्यक्रमात नेमके शब्दच ऐकू येत नाहीत. याला गायक जबाबदार नसतो, साखळी जबाबदार असते. ड्रमला माइक लावायच्या आधीच लहान खोलीत त्याचा आवाज शंभर डेसिबलच्या घरात जातो. गिटारवाल्याला स्वतःचं ऐकू येईना म्हणून तो अँप वाढवतो. गायकाला स्वतःचा गळा ऐकू येईना म्हणून तो साउंडवाल्याकडे बघून बोट वर करतो: मॉनिटर वाढव. मॉनिटर वाढला की त्यातला आवाज गायकाच्याच माइकमध्ये शिरतो आणि माइक शिट्टी मारतो. साउंडवाला घाईघाईने माइक खाली आणतो. शिट्टी थांबते, शब्दही थांबतात. यावरचा उपाय बिनपैशाचा आहे. गिटारचा अँप जमिनीवर सपाट ठेवला की आवाज गिटारवाल्याच्या गुडघ्याला आणि तुमच्या कानाला लागतो; तो मागे कलता ठेवला की गिटारवाल्याला स्वतःचं ऐकू येतं आणि साखळीची पहिलीच कडी निसटते. पण गुडघ्याने गिटार ऐकायची सवय लागलेल्याला हे सांगायला जाऊ नये.

दुसरं दुखणं म्हणजे घूं. हळुवार गाणं सुरू झालं, दिवे निळे झाले, की मागून वीजमंडळाचे ५० हर्ट्झ सुरात सूर मिसळतात. साउंडवाला केबली हलवून बघतो, पेडल काढून बघतो, प्रार्थना करतो. दहापैकी सात वेळा गुन्हेगार लॅपटॉपचा चार्जर असतो. लॅपटॉप एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या बोर्डावर, आणि दोघांच्या अर्थिंगची वेटोळी ऑडिओ केबलमधून पूर्ण होते. चार्जर काढा, घूं गायब. काढायचा नसेल तर डीआय बॉक्सवर, म्हणजे वाद्य आणि मिक्सर यांच्यामधल्या डबीवर, 'ग्राउंड लिफ्ट' नावाचं एक पिटुकलं बटण असतं, ते दाबा. ते बटण स्टेजवर सगळ्यांना माहीत असतं आणि ते दाबायला कुणीच जवळ नसतं.

तिसरं, सुरात लावणं. एसीचा झोत थेट स्टेजवर असला की तारा आक्रसतात आणि सूर चढतो. दिव्यांखाली तापल्या की उतरतो. म्हणून दर दोन गाण्यांनंतर गिटारवाला मान खाली घालून खुंट्या पिळतो आणि तोवर गायकाला बोलावं लागतं. "पुणे, कसे आहात?" झालं, "आणखी मोठ्याने!" झालं, मग मिसळीवर विनोद. गायक दिल्लीचा असला तरी मिसळीवर विनोद असतोच, फक्त तिखटाचं प्रमाण वाढतं.

उभं कुठे राहायचं, यावर घरून विचार करून निघावं. अगदी पुढे उभं राहिलात तर मुख्य स्पीकरचा आवाज डोक्यावरून किंवा बाजूने निघून जातो. तुम्हाला ड्रम आणि अँप ऐकू येतात, गळा नाही. कोपऱ्यात बेस साठतो, तिथे पोटातलं पाणीसुद्धा तालात हलतं. स्पीकरसमोर उभं राहणं हा मूर्खपणा आहे. बारशेजारी राहिलात तर ऐन आलापात बर्फ खळखळतो. खरी जागा एकच: साउंडवाल्याच्या शेजारी, मिक्सरपाशी. तो जे ऐकतो त्यावर सगळं बेततो, म्हणून तिथेच ते त्यातल्या त्यात नीट लागतं. हे सगळ्या सराइतांना ठाऊक असल्याने तिथे आठ-दहा जण हाताची घडी घालून, मान बारीक हलवत उभे दिसतील. त्यातले निम्मे दुसऱ्या बँडमधले असतात आणि कौतुक करत नाहीत.

कानांचं बघा. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा ठोकताळा असा, की ८५ डेसिबल आठ तास सोसतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं, म्हणजे साडेतीन गाणी. स्पंजचे बोळे औषधाच्या दुकानात स्वस्त मिळतात. ते दोन बोटांत वळून बारीक करायचे, डोक्यावरून दुसरा हात नेऊन कान वर ओढायचा, बोळा सरकवायचा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने दाबून धरायचा. नुसता कानाच्या दारात टेकवला तर तो दागिना. स्पंजने चढे सूर जास्त कापले जातात आणि सगळं शेजारच्या फ्लॅटमध्ये चालल्यासारखं ऐकू येतं. वादकांसाठीचे रबरी मिळतात ते पंधरा-वीस डेसिबल बऱ्यापैकी सारखे कापतात. महाग आहेत, पण कानाच्या यंत्राहून स्वस्त.

श्रोत्यांचे प्रकार पुष्कळ, पण वेळ एकावरच घालवण्यासारखा आहे: टाळ्यांनी ताल धरणारा. इंडी बँडना सात मात्रांचा ताल फार प्रिय. हा गृहस्थ चारचा धरतो. दर २८ मात्रांनी तो बँडच्या समेवर बरोबर येतो आणि तेवढ्यात स्टेजकडे अभिमानाने बघून घेतो. शाळेत असताना तबल्याच्या क्लासला जाऊन सात मात्रांचा रूपक गिरवलेले काही अभागी जीव गर्दीत असतात, त्यांची तगमग बघवत नाही. बोलणारे लोकही असतात. सवाईत पुढच्या रांगेतल्या आजोबांनी मागे वळून एकदा बघितलं की बोलणाऱ्याची तीन वर्षं वाचा जाते. इथे आजोबाच नसतात.

एरवी हे शहर या संगीताला नवखं नाही. एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव पहिल्यांदा भरला तो २०१०च्या डिसेंबरात, पुण्यातच. महोत्सवाचं शास्त्र वेगळं: अनेक स्टेज, आणि तुमचे आवडते दोन बँड एकाच वेळी एकमेकांपासून सर्वांत दूरच्या दोन स्टेजवर. मधे चिखल.

शेवटच्या गाण्यानंतर बँड आत जातो आणि 'वन्स मोअर'ची वाट बघतो. बालगंधर्वांच्या गावात हा शब्द शिकवावा लागत नाही. अडचण एवढीच, की 'आत' जायला जागा नसते. स्टेजमागे भिंत असते. त्यामुळे बँड ड्रमच्या बाजूला दोन पावलं सरकून, पाठ करून उभा राहतो आणि आपण त्यांना परत बोलावतो.

बाहेर पडताना टी-शर्टचं टेबल लागतं. मधल्या मापाचे साडेआठलाच संपलेले, उरलेले एकतर सहावीतल्या मुलाचे किंवा दोघांत एक. बेसमेंटमध्ये रेंज नसल्याने यूपीआय फिरत राहतो, म्हणून थोडी रोकड जवळ असावी. टी-शर्ट घ्यावा, तिकिटापेक्षा त्यातले पैसे बँडला सरळ मिळतात.

मग रिक्षा. वनाझ-रामवाडी मेट्रो कोथरूडकरांसाठी सोन्यासारखी आहे, पण बंदिस्त जागेतल्या कार्यक्रमात 'वन्स मोअर' आणि शेवटची गाडी यांतलं एकच पदरात पडतं. रिक्षाचा रात्रीचा दर बारा ते पाच, मीटरच्या सव्वापट. कार्यक्रम साडेअकराला सुटतो, म्हणजे कायद्याने साधं मीटर. रिक्षावाला मीटरकडे न बघता "हाफ रिटर्न" म्हणतो, म्हणजे दीडपट. अर्धा तास फुटपाथवर उभं राहून बारा वाजू दिले तर सव्वापट मागता येईल, असा विचार करणारे लोक मी पुण्यात पाहिले आहेत. बारा वाजल्यावर रिक्षावाला सव्वापट अधिक हाफ रिटर्न सांगतो.