घरच्या सुगंधी स्प्रेमध्ये प्रिझर्व्हेटिव्ह हवेच

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी गुलाबपाणी आणि वाळ्याचे तेल एकत्र करून अंगावर फवारायचा स्प्रे घरी केला होता. तेल वर तरंगत राहिले, बाटली हलवली की पाणी दुधाळ होई, आणि तिसऱ्या आठवड्यात तळाशी बुरशीसारखे बारीक तंतू दिसू लागले. तोवर माझी भाची तो स्प्रे रोज वापरत होती, ही गोष्ट मला अजूनही टोचते. त्यामुळे ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही, म्हणजे शुद्ध’ अशी शिफारस करत घरगुती स्प्रेच्या कृती पुढे पाठवल्या जातात, तेव्हा मला गप्प बसवत नाही.

मोरावळा साखरेने टिकतो, लोणचे मिठाने टिकते, आणि त्याला कोणी भेसळ म्हणत नाही. कनौजचे पारंपरिक अत्तर चंदनाच्या तेलात उतरवलेले असते. त्यात पाणीच नसल्यामुळे जंतूंना वाढायला वाव मिळत नाही. आपल्या स्प्रेमध्ये मात्र ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते, आणि ते उकळून घेतले तरी थंड होऊन बाटलीत जाईपर्यंत हवेतले व हाताचे जंतू त्यात उतरतात. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होण्यापासून वाचवते, जंतूंना अडवत नाही. जंतूंची वाढ रोखायला सोडियम बेन्झोएट हे प्रिझर्व्हेटिव्ह चांगले, पण द्रावणाचा पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी, तितके द्रावण आम्ल) ५ च्या खाली असेल तरच. सायट्रिक आम्ल न घालता ते नुसते टाकणे जवळजवळ व्यर्थ आहे.

आता मी १०० ग्रॅमच्या बाटलीसाठी १ ग्रॅम सुगंधी तेल, तेल पाण्यात मिसळवणारे ५ ग्रॅम पॉलिसॉर्बेट २० आणि प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून १ ग्रॅम फेनॉक्सिएथेनॉल व एथिलहेक्सिलग्लिसरिनचे तयार मिश्रण घेते. बाकी सारे डिस्टिल्ड वॉटर. थेंब मोजत नाही, छोट्या काट्यावर वजन करते. तेल आधी पॉलिसॉर्बेटमध्ये पूर्ण मुरवायचे, त्यात प्रिझर्व्हेटिव्ह मिसळायचे, आणि मग पाणी थोडे थोडे घालत ढवळत राहायचे. हा क्रम उलटा झाला की तेलाचे थेंब मोठेच राहतात, त्यांच्यावरून प्रकाश विखुरतो आणि द्रावण गढूळ दिसते. वाळ्यासारख्या दाट तेलाला पॉलिसॉर्बेट अधिक लागते, लिंबूवर्गीय तेलांचे प्रमाण वेगळे पडते, म्हणून प्रत्येक तेलासाठी १० ग्रॅमचा नमुना करून पाहणे मला आवश्यक वाटते. नितळपणाच्या हव्यासाने पॉलिसॉर्बेट वाढवत नेले, तर अंगाला चिकटपणा जाणवतो आणि, याहून महत्त्वाचे म्हणजे, ते प्रिझर्व्हेटिव्हचा काही भाग स्वतःत अडकवून त्याचा जोर कमी करते. नितळपणा आणि टिकाऊपणा यांचा विचार म्हणूनच एकत्र करावा लागतो.

या वर्षी भाचीला दिलेल्या बाटलीवर मी तारीख लिहिली आहे, त्वचेला त्रास होतो का ते कळावे म्हणून आधी कोपराच्या आत लावून एक दिवस वाट पाहायला सांगितले आहे, आणि तीन महिन्यांनी उरलेला स्प्रे मी परत मागून घेणार आहे, मग तो कितीही स्वच्छ दिसो. कारण एका मिलिलिटरमध्ये लाखभर जंतू असले तरी पाणी डोळ्यांना नितळच दिसते.