माझ्या मुलीची जुनी वाटी आणि ऑपरेशनचा निर्णय

वजन कमी करायचं ऑपरेशन करणार, असं घरी सांगितलं तेव्हा मावशी पटकन म्हणाली, "अगं, रंकाळ्याला चालायला जा की रोज. पोट कापून घ्यायचं कशाला?" चार वर्षं पहाटे चालतेच आहे. बारा किलो उतरले, चौदा चढले. वय ४३, उंची १५७ सेंटिमीटर, वजन ९६ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) ३९ च्या आसपास. नऊ वर्षांचा डायबेटिस आता इन्सुलिनवर आलाय. वजन उतरलं की शरीर भूक वाढवतं आणि जुन्या आकड्याकडे ओढत राहतं. जिद्द कमी पडली म्हणून स्वतःला कोसत बसलेल्या बायांनो, हे आधी ऐका.

पहिल्यांदा गेले त्या दवाखान्यात माझी फाईल उघडायच्या आत पॅकेजचा दर सांगितला, 'या महिन्यात केलं तर सूट'. उठून आले. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी एंडोस्कोपी करायला लावली, कारण माझ्या वर्षानुवर्षं घशाशी येतं. स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनमध्ये जठराचा साधारण तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात. तो परत बसवता येत नाही, आणि घशाशी येण्याचा त्रास वाढू शकतो. म्हणून मला बायपास सुचवला: जठराची जेमतेम ३० मिलीची पिशवी करायची आणि लहान आतडं वळवून तिला जोडायचं. (बायपास म्हटल्यावर निम्म्या गल्लीला वाटलं माझं हृदय बिघडलंय.) मैत्रिणीचं जे झालं तेच आपलं करायचं, असं नसतं.

विम्याचं लवकर बघा. पॉलिसीत साधारणपणे बीएमआय ४० ची अट असते, किंवा ३५ आणि सोबत आटोक्यात न येणारा डायबेटिस, गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) यांसारखा आजार. डॉक्टर त्याहून कमी वजनालाही सुचवू शकतात. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय सूचनांत आशियाई लोकांसाठी बीएमआय २७.५ पासून विचार करावा असं आहे. २०२५ पासून आपल्याकडे मौंजारोसारखी वजन उतरवणारी इंजेक्शनंही आलीत, त्यांबद्दलही विचारा. मी विचारलं. बंद केली की वजन बहुतेकदा परत येतं, हे कळल्यावर माझा कल बदलला नाही.

मला भीती टाक्यांची नव्हती, पुढच्या चाळीस वर्षांची होती. म्हणून दीड महिना घरात ऑपरेशननंतरच्या जेवणाची रंगीत तालीम केली. मुलीला मऊ भात भरवायची ती छोटी स्टीलची वाटी माळ्यावरून काढली. आधी अंडं किंवा मटकी, मग उरली जागा तर भाकरीचा तुकडा. वीस मिनिटं चावून. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. ऑपरेशननंतर भुकेची हॉर्मोन्स बदलतात, तसं काही माझ्यात झालं नव्हतं, त्यामुळे कळवळायला व्हायचं. पण मला भूक जोखायची नव्हती, घर जोखायचं होतं. भाच्याच्या जावळाला ताटावर हात आडवा धरला तरी जाऊबाईंनी बोटांच्या फटीतून पांढरा रस्सा ओतला. "आजच्या दिवस खा गं." तळहात भाजला. त्यात प्रेमच होतं, आणि त्या प्रेमाला रोज नाही म्हणणं मला एकटीला झेपणार नव्हतं. दुसऱ्या वाढपाला सासूबाईंनी स्वतःचा हात माझ्या ताटावर धरला. माझा निर्णय तिथंच झाला.

बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यायचं, रक्त तपासत राहायचं. पहिल्या काही महिन्यांत केस गळतात. बायपासनंतर जिलेबीचे दोन वेढे खाल्ले तरी घाम, धडधड, चक्कर येऊ शकते. मिश्री लावणाऱ्यांनी ती आधी सोडायलाच हवी, तंबाखूनं पिशवी-आतड्याच्या जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो. गुडघ्यासाठी मनानं घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही तशाच घातक. मूल हवं असेल तर वर्ष-दीड वर्ष थांबावं लागतं. गोळ्या महिनाभरात विसरणाऱ्यानं, किंवा लग्नाच्या फोटोंसाठी घाई असलेल्यानं हे करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मन उदास झालं की खाण्याकडे धावणाऱ्यांनी आधी त्यावर उपचार घ्यावेत. मी स्वतः चार वेळा समुपदेशनाला गेले.

मंगळवारी आहारतज्ज्ञांकडे जायचंय, सासूबाई सोबत येणार आहेत. त्यांनी त्यांचे प्रश्न कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेत. पहिला आहे: एकादशीला हिला काय द्यायचं?