मे महिन्यात भस्त्रिका? जरा थांबा

मणिपूर चक्रासाठी (बेंबीजवळचं चक्र) रोज 15 मिनिटं भस्त्रिका, म्हणजे जोरजोरात श्वास आत-बाहेर करणं, आणि कपालभाती करा, असं चक्रांवरच्या एका लेखात सरसकट सांगितलंय. नागपुरात पारा 45 च्या आसपास असताना हे पटत नाही. दोन्ही क्रिया अंगातली उष्णता वाढवतात.

कपालभातीत झटका फक्त उच्छ्वासाला, बेंबीखालचं पोट आत घेऊन. श्वास आपोआप आत येतो, ओढायचा नाही. सकाळी फुटाळा तलावाच्या काठी बघा, कितीतरी जणांचे खांदे उडत असतात, चेहरा आवळलेला. श्वास जोरात ओढत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. लोक त्यालाच चक्र जागृत झालं समजतात! ती खरं तर थांबायची खूण आहे. नवख्याला 20 झटक्यांची तीन आवर्तनं, मध्ये मिनिटभर विश्रांती, एवढं पुरे. उच्च रक्तदाब, हर्निया, गरोदरपण असेल तर नकोच.

उन्हाळ्यात सूर्योदयाआधी शीतली करावी. जिभेची नळी करून श्वास आत, तोंड मिटून नाकाने सावकाश बाहेर, 8-10 वेळा. जीभ वळत नसेल तर सीत्कारी, म्हणजे दातांच्या फटीतून श्वास आत. धुळीच्या रस्त्याकडेला मात्र नको, कारण हवा नाकातून गाळून येत नाही. कूलरसमोर तर मुळीच नको, घसा धरतो.

मनाची घालमेल होत असेल तर अनाहत चक्रावर, म्हणजे छातीच्या मध्यावर, लक्ष ठेवून भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखं गुंजन करत श्वास सोडणं. गुंजनाने उच्छ्वास लांबतो, म्हणून मन निवतं. नैराश्याची गोळी चालू असेल तर ती परस्पर बंद करू नका.

आणि शिकायचं ते समोर बसून. नागपुरात रामनगरला योग शिकवणारं जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ आहेच.